एकट्याच्या शर्यतीत पहिला

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने स्वतःलाच शिष्य करून घेतलं, तेव्हा मी त्यांच्याच घरात राहत होते. त्यामुळे गुरू आणि चेला या दोघांनाही जेवायला वाढायचं काम ताईच्या नि माझ्या वाट्याला आलं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मला पळसदरीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. आमचं गाव पोशीर. तिथून रोज जाऊन-येऊन नोकरी करणं जमण्यासारखं नव्हतं. भावजी कर्जत स्टेशनात पार्सलबाबू होते, रेल्वेच्या चाळीत त्यांना दोन खोल्या होत्या, म्हणून वडिलांनी माझी वळकटी तिथे नेऊन टाकली. भावजी तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे. पोट नव्हतं, पण छातीही नव्हती. लग्नात घोड्यावर चढवताना त्यांना दोघांनी खालून रेटावं लागलं होतं, हे मी स्वतः पाहिलेलं.

एका पार्सलाला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात त्यांनी परदेशातल्या कुणा म्हाताऱ्याची बातमी वाचली. तो म्हातारा मैलोन्‌मैल पळतो, पोहतो, सायकल चालवतो आणि दमत नाही. कागद घरी आणून त्यांनी तो ताईला वाचून दाखवला. ताई कांदा चिरत होती. ती म्हणाली, "त्याला घरी कामं नसतील."

भावजींनी त्याच दिवशी ठरवलं की आपणही न दमणारा माणूस व्हायचं.

माझा राग त्यांच्या ठरवण्यावर नव्हता. पळणारी, पोहणारी माणसं मला आवडतात. पण भावजींनी आधी गळ्यात शिट्टी अडकवली आणि मग पळायला सुरुवात केली. ही शिट्टी त्यांनी एका निवृत्त गार्डाकडून मिळवली होती. चाळीच्या मागे मोकळी जागा होती. तिथे ते स्वतःच शिट्टी फुंकायचे, स्वतःच पळायचे, पलीकडच्या चिंचेला हात लावून परत यायचे आणि कमरेवर हात ठेवून स्वतःलाच बोलायचे. गंमत म्हणजे यातला गुरू शुद्ध बोलायचा आणि चेला गावाकडचं.

"गुडघा वर उचलला जात नाही तुझा!"

"उचलतोय ना, सायब."

"उद्यापासून दोन फेऱ्या जास्त."

"चालंल, सायब."

चाळीतल्या बायका नळावर भांडी घासता घासता हे ऐकायच्या. कुणी हसलं की गुरू खवळायचा आणि चेल्याला जरा आराम मिळायचा. मला वाटतं, दोघांत गुरूच जास्त खूश असायचा.

"एखादा जाणता माणूस का नाही गाठत?" मी एकदा विचारलं. "खोपोलीला कारखान्यातली पोरं पळतात. त्यांना कुणीतरी शिकवत असेल."

"कोच कशाला पाहिजे, मास्तरीणबाई?" भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट करून ते म्हणाले. "तथागतांनी काय सांगितलंय? स्वतःच स्वतःचा दिवा व्हा."

वडील नव्या तांदळाची गोणी घेऊन आले होते, ते दारात बसून पान लावत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दिवा व्हा म्हनलंय, जावईबापू. भोंगा व्हा नाय म्हनलं."

ताई पदर तोंडाला लावून आत पळाली. भावजी वडिलांशी जेवणापर्यंत बोलले नाहीत.

त्यांची स्वतःची शास्त्रं होती. घामातून ताकद वाहून जाते, म्हणून घाम फुटायच्या आत थांबायचं. विश्रांती हा सरावाचाच भाग, म्हणून रविवारी दिवसभर खाटेवर पडून राहायचं. पोहण्याचा सराव आधी कोरड्यात करायचा, म्हणून स्टुलावर पोट टेकवून खोलीच्या मधोमध हातपाय मारायचे. मी त्या हातापायांमधून वाट काढत शाळेला निघायचे, तर स्टुलावरून हाक यायची, "पाऊल लांब टाका, मास्तरीणबाई! तुमची पिंढरी कच्ची आहे!" मी रोज पळसदरीपर्यंत चालत जायचे आणि चालत यायचे. ते त्या वेळी अंथरुणावर पडल्या पडल्या भिजवलेले चणे खात असायचे. घरातलं दूध त्यांच्या पेल्यात जायचं. माझी भाची तेव्हा रांगत होती, तिला पेज.  मी बोलायला लागले की ताई डोळ्याने गप्प करायची. तिचं म्हणणं एवढंच, "दारू तर पीत नाहीत ना?" नवऱ्याकडून इतकी थोडी अपेक्षा ठेवणाऱ्या बाईला काय समजावणार?

खरं सांगायचं तर काही महिन्यांनी ते घाम फुटल्यावरही पळू लागले. काळी, जड सायकल घेऊन चौकपर्यंत जाऊन येऊ लागले. पळसदरीच्या तलावात सुट्टीच्या दिवशी उतरू लागले. म्हशीसारखं डोकं वर काढून पोहायचे, पण बुडायचे नाहीत. एवढ्यावर थांबले असते तर मीही गप्प बसले असते. पण एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "शर्यत ठेवतोय. पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एकत्र. असली शर्यत या मुलखात कुणी बघितली नसेल."

"कोण घेणार भाग?" मी विचारलं.

"जिल्ह्यातून येतील."

जिल्ह्यातून कुणीही आलं नाही. दिवाळीनंतरचा रविवार होता, तलाव काठोकाठ होता. आमच्या हेडमास्तरांना भावजींनी प्रमुख पाहुणा केलं होतं, आणि प्रमुख पाहुण्याने टाळ्या कमी पडू नयेत म्हणून सगळी शाळा रांगेत आणून काठावर बसवली होती. सुट्टीच्या दिवशी. मला माझ्याच वर्गाला "टाळ्या वाजवा" असं सांगावं लागलं. भावजी लंगोटावर उभे राहिले, उजव्या-डाव्या बाजूला कुणी आहे का असं बघितलं, स्वतःच शिट्टी फुंकली आणि पाण्यात उडी मारली.

तलाव पार करून ते सायकलवर बसले आणि कर्जतकडे निघून गेले. तिथून चौक, चौकच्या नाक्याला वळसा घालून पुन्हा कर्जत, तिथे सायकल टाकून पळत पळसदरी, असा मार्ग होता. नाक्यावर त्यांचा लोधिवलीचा आतेभाऊ नीळ घेऊन उभा होता. कुणी फसवू नये म्हणून येणाऱ्याच्या मनगटाला तो निळीचा ठिपका लावणार होता. एकटा माणूस कुणाला फसवणार होता ते मला तेव्हाही कळलं नाही. काठावरची मोठी माणसं भजी खाऊन घरी गेली. पोरं राहिली, कारण त्यांना उठायची परवानगी नव्हती.

उन्हं कलली तेव्हा भावजी पळत आले. लाल फीत छातीने तोडली. मग शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून बक्षीस समारंभ झाला. हेडमास्तरांनी ऑलिंपिकवर भाषण केलं. ऑलिंपिक कुठे होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी कागद उलगडला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "आणि आता... पहिला क्रमांक..." आणि थांबले. थांबले! जणू आमचा जीव टांगणीला लागला होता.

कप घरच्या लक्ष्मीच्या हातून द्यायचा असं भावजींनी आधीच ठरवलं होतं. ताई पुढे झाली, तिने कप नवऱ्याच्या हातात ठेवला आणि खाली बघत परत आली. गावाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीपासून कर्जतच्या बाजारात लोक त्यांना "चॅम्पियन" म्हणू लागले. काही जण थट्टेने म्हणत, काही खरंच. मला खरंच म्हणणाऱ्यांची जास्त चीड यायची. थट्टा करणाऱ्यांना निदान काय झालं ते ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी मात्र तीन माणसं आली. दोन खोपोलीच्या कारखान्यातली तरुण पोरं, आणि तिसरा पोस्टातला कारकून. हा मूळचा रेवदंड्याकडचा. पोट सुटलेला, बोलायला मंद, दिवसभर बिड्या ओढणारा. त्याने वर्षभरात एक दिवसही सराव केला नव्हता. मी त्याला विचारलं, "तुम्ही कसे काय आलात?"

"बायको बोलली, घरात बसून काय करताव, जावा."

यापलीकडे त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, नंतरही कधी दिसलं नाही.

त्याला बघून भावजींना आनंद झाला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "शास्त्र विरुद्ध चरबी. बघाच आता."

शिट्टी वाजली. रेवदंडेकर पाण्यात पडला आणि होडी सोडावी तसा सरळ निघाला. हातपाय हलताहेत की नाही हेही दिसेना. भावजी अर्ध्यावर असताना तो पलीकडे पोचलासुद्धा. तिथे त्याची बायको कपडे घेऊन बसली होती. त्याने डोकं पुसलं, तिच्याकडून बिडी-काडी घेतली आणि सायकलला टेकून निवांत बिडी पेटवली. भावजी पाण्यातून वर आले ते त्या धुरातच. त्यांचा चेहरा मला समोरच्या काठावरूनही कळला. ते धडपडत सायकलवर चढले आणि पुढे निघाले. बिडी संपल्यावर तोही निघाला.

मग बराच वेळ काही नव्हतं. या वेळी मात्र माणसं उठून गेली नाहीत. कुणीतरी कर्जतहून येणाऱ्या टेंपोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दोगं पुढंमागं हायेत. एकाची साखळी पडली, तो नाक्यावर बसलाय." साखळी पडलेला तो कारखान्यातला एक पोरगा होता.

रस्त्याच्या वळणावर दोघे एकदमच दिसले. भावजी हातभर पुढे होते. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली, अंगावरची बनियन घामाने पोटाला चिकटलेली. एक पाय सरळ पडत होता, दुसरा ओढल्यासारखा. पेटका आला असावा. शिट्टी गळ्यात होती, पण ती फुंकायला छातीत वारा नव्हता. त्या क्षणी गुरू कुठेच नव्हता. नुसता चेला पळत होता, आणि खरोखर जीव तोडून पळत होता. मी टाळ्या वाजवल्या. ओरडलेसुद्धा, "भावजी, चला!" हे मी लपवणार नाही. ताई माझ्या शेजारी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली.

फितीच्या जरा अलीकडे रेवदंडेकर त्यांना मागे टाकून गेला. फार जोर लावला असंही नाही. बाजारातून घरी जावं तसा तो फितीतून गेला, पाणी मागितलं आणि मग काडी मागितली. भावजी त्याच्या पाठोपाठ येऊन आडवे पडले. मागून खूप वेळाने कारखान्यातला दुसरा पोरगा आला.

तेव्हा भावजींनी उठून त्या माणसाचा हात हातात घेतला असता, तर आज मी हे वेगळ्या तऱ्हेने सांगितलं असतं. पन्नास माणसांनी त्यांना खरोखर पळताना बघितलं होतं. आदल्या वर्षीचा तो हास्यास्पद कप त्या एका दौडीने धुऊन निघाला असता. पण त्यांना उठवून ओट्यावर नेईपर्यंत त्यांच्यात गुरू परत आला होता.

शर्यतीचे प्रमुख म्हणून निकाल तेच सांगणार होते. हेडमास्तर नुसतेच खुर्चीत बसले होते. भावजी टेबलामागे उभे राहिले, घसा साफ केला.

"शर्यतीचे काही नियम असतात," ते म्हणाले. "शर्यत चालू असताना धूम्रपान करणारा स्पर्धक बाद धरला जातो. हा जागतिक नियम आहे. त्यामुळे पहिला क्रमांक..."

त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

कुणी टाळी वाजवली नाही. रेवदंडेकर ओट्याच्या पायरीवर दुसरी बिडी ओढत होता, त्याला काय झालं ते समजलंच नव्हतं. त्याची बायको उठून उभी राहिली, तोंड उघडलं आणि पुन्हा बसली. रेल्वेच्या बाबूशी कोण भांडणार? हेडमास्तरांनी दोनदा मान हलवली. जागतिक नियमाला मान न हलवून कसं चालेल?

"कप," भावजी ताईला म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले.

ताईने कप उचलला. ती टेबलाला वळसा घालून आली. भावजींच्या समोरून तशीच पुढे गेली, पायऱ्या उतरली आणि त्या पोस्टातल्या कारकुनासमोर उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "आधी ती बिडी विझवा."

त्याने बिडी पायरीवर चिरडली, उभा राहिला आणि कप घेतला. एका म्हाताऱ्याने "भले गं बाय!" म्हणून हाक दिली, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. या वेळी पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. भावजींचे हात अजून पुढेच होते. त्यांनी ते हळूच खाली घेतले, शिट्टी तोंडाजवळ नेली, ताईकडे बघितलं आणि सोडून दिली.

घरी परतताना ते आमच्यापुढे वीस पावलं चालत होते. दारात शिरताना फक्त एकदा वळून म्हणाले, "चार लोकांत अब्रू घेतलीस."

"तुमीच टेबलावर मांडली व्हती," ताई म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

पंधरवडाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. मला निरोप्या केलं. "तुमच्या बहिणीला सांगा, मीठ कमी आहे." ताई तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. मी निरोप पोचवला नाही, तर ते मीठ कमीचंच जेवायचे. शिट्टी खुंटीवर गेली ती कायमची. दूध आता भाचीला मिळू लागलं. हा हुकूम कुणी काढला माहीत नाही, ताईने एक दिवस पेला भरलाच नाही एवढं खरं. ते पळायला मात्र जात राहिले, गुपचूप, बोलण्याशिवाय. तिसऱ्या वर्षी शर्यतीला आठ-दहा जण आले. भावजी बरेच मागे पडले, पण कप त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिला. पुढे मी बदलीने लोधिवलीच्या शाळेत गेले, तिकडेच लग्न झालं. शर्यत आणखी काही वर्षं चालली आणि मग तलावात पोहायला बंदी आल्यावर आपोआप थांबली.

इथे संपलं असतं तर माणूस सुधारला असं म्हणता आलं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी मी ताईकडे गेले होते. भावजींचे केस पांढरे झाले होते, पण पाय अजून लोखंडी होते. मुंबईची चार पोरं आली होती, रंगीत ट्रॅकसूट घातलेली. पळसदरीला शनिवार-रविवार येता येता त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक गृहस्थ पूर्वी तीन खेळांची शर्यत घ्यायचे. या प्रकाराला ट्रायथलॉन म्हणतात, असं त्यातला एक मला समजावून सांगत होता. भावजी खाटेवर मांडी घालून बसले होते. पोरं खाली चटईवर.

"दुसऱ्या वर्षी," भावजी सांगत होते, "मी दुसरा आलो. पण नियमाने पहिला माणूस बाद होत होता. सगळे म्हणाले, कप तुमचाच. आता मी काय करावं? मी आमच्या मंडळींना खूण केली. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, त्या माणसाला देऊन टाक."

"ग्रेट, अंकल," एक पोरगा म्हणाला. "हीच खरी स्पोर्ट्समनशिप."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी," मी म्हणाले, "मी तिथेच होते. तुम्ही त्याला बाद केलं होतं. तुमच्या तोंडाने."

"केलं होतं ना," ते शांतपणे म्हणाले. "बाद केल्याशिवाय मोठेपणा कसा दाखवणार? तुम्ही तेव्हा लहान होतात, मास्तरीणबाई. तुम्हाला खूण दिसली नसेल."

मी तेव्हा लहान नव्हते. नोकरी करत होते. पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं की ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांनी ती खूण स्वतःला इतक्यांदा शिकवली होती की आता ती त्यांना खरंच आठवत होती. अशा माणसाशी काय वाद घालायचा? एका पोराने मला डोळ्यांनीच विनवलं, की राहू द्या ना, म्हातारा माणूस आहे. त्या पोराचीही मला चीड आली. खरं काय ते ऐकायला तो आलाच नव्हता.

मी आत गेले. ताई स्टोव्हवर चहा उकळत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"खूण केली होती का त्यांनी?" मी विचारलं.

"केली असंल." तिने आलं ठेचून टाकलं. "मी बघितलंच नव्हतं त्येंच्याकडं."

"मग बाहेर येऊन सांग ना तसं."

"कशाला? कप गेला त्याच्याकडं गेला." तिने चार कप भरले, पाचवा भावजींचा, त्यात साखर घातली नाही. "हा डागतरांनी सांगितलेला, वेगळा ठेव. आणि चल, त्या पोरांना दे, निवतोय."

मी ताट घेऊन बाहेर गेले. भावजी तोवर श्वासाच्या शास्त्रावर आले होते, आणि सगळ्यात धाकटा पोरगा पाठ ताठ करून श्वास धरून बसला होता.